होल्डर तोच, वायरी मात्र छप्पन्न!

मंडळी, मी नोकरीला लागलो तेव्हाच्या होल्डरात आजचा एलईडी दिवाही बिनतक्रार बसतो. मग कॅमेरा आणि लॅपटॉप यांचेच का जमत नाही?

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात महाडजवळच्या सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पुलाचे फोटो आहेत. तो पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. कॅमेऱ्याला मिनी-यूएसबी लागते, नव्या लॅपटॉपला आहे टाईप-सी, आणि मेमरी कार्डाची खाचच नाही! महाडच्या दुकानात मायक्रोची वायर मिळाली. पोलादपुरात उत्तर मिळाले, "गुरुजी, आता कॅमेरा कोण वापरतो?"

दोन्ही यंत्रे धडधाकट. दोष म्हणे आमच्या वयाचा!

युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-कॅमेऱ्यांना चार्जिंगसाठी टाईप-सी सक्तीचे केले. आपल्या मानक ब्युरोनेही टाईप-सीचे मानक प्रसिद्ध केले. पण मानक छापणे निराळे आणि पाळायला लावणे निराळे. शिवाय जुन्या वस्तूंचे काय? माझे म्हणणे सरळ आहे: जी कंपनी जुनी खाच काढते, तिनेच जुन्यासाठीचा कन्व्हर्टर खोक्यात फुकट द्यावा. भुर्दंड गिऱ्हाईकाने का सोसायचा?

तुमच्या कपाटात अशा किती वायरी पडून आहेत, जरूर कळवा.