फ्यूज असून शॉक कसा?

परवा वर्गात एकाने विचारलं, "बाई, घरात फ्यूज आहे, मग शॉक कसा लागतो?" प्रश्न बिनतोड होता!

फ्यूजमधली तार जादा प्रवाह आला की वितळते आणि वीज तोडते. एमसीबीचा खटका पडतो, तोही त्यासाठीच. दोघेही राखण करतात ती वायरिंगची. माणसाचा जीव मात्र ०.१ अँपिअरनेही जाऊ शकतो. ६ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही!

म्हणून हवी आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा प्रवाह ती सतत ताडून बघते. कुणाच्या अंगातून थोडा प्रवाह जमिनीत गेला आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की क्षणात खटका खाली! पण दोन्ही तारा एकदम धरल्या, तर तीही फसते बरं का. तेव्हा जपूनच.

आमच्या शेजारी फ्यूज सारखा उडायचा, म्हणून जाड तार बसवली. एका रात्री वायरिंगच जळलं. राखणदारालाच झोपवलं ना!

आज आई-बाबांना मीटरजवळ न्या. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते मोठ्यांनी दाबायचं, तुम्ही नुसतं बघायचं. खटका पडला नाही, तर वायरमनला लगेच बोलवा.