साल झाडाची, भाव कोणाच्या पदरी?

झाडाची साल म्हणजे वखारीतला निरुपयोगी केर, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. खोडात सालीचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असते आणि बारीक फांद्यांत ते त्याहूनही अधिक. या सालीपासून फायबरबोर्डचे तक्ते तयार करता येतात. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे मानून कार्यकर्त्यांनी त्याकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.

तंत्र समजण्यास अवघड नाही. चिपा वाफेवर मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात, त्यांचा थर पसरतात आणि तप्त दाबयंत्रात दाबतात. सालीचे तंतू आखूड असतात. म्हणून निव्वळ सालीचा तक्ता भार पेलण्यास दुबळा, पण भिंतीच्या आच्छादनास व उष्णता अडवण्यास उपयोगी ठरतो. लाकडी तंतूंत मर्यादित साल मिसळण्याचा मार्गही आहेच. त्याचा आणखी एक लाभ आहे. लालबाग-परळच्या पुनर्विकसित इमारतींतील स्वस्त कपाटे बहुधा अशाच दाबीव तक्त्यांची असतात आणि त्यांच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हे द्रव्य मानवात कर्करोग घडवणारे ठरवले. सालीतील टॅनिन तक्त्यातून सुटणारा हा वायू काही अंशी बांधून ठेवते. घरात राहणाऱ्यांच्या आणि करवत चालवणाऱ्या सुताराच्या छातीशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

आता कच्चा माल पाहू. २०१८ च्या वृक्षगणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका कंत्राटदारांमार्फत गिरगावपासून दादरपर्यंत रस्त्यांकडेच्या झाडांची छाटणी करते. त्या बारीक फांद्या सुताराच्या कामाच्या नसतात आणि त्यांची साल वेगळी काढणेही परवडत नाही. सालीसकट तक्ते करण्याचे तंत्र नेमके येथे उपयोगी पडते.

परंतु केराला भाव आला की केराला मालक फुटतात. उसाच्या चिपाडाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. भट्टीत जाळण्याच्या या वस्तूला कागद, तक्ते आणि वीज यांमुळे बाजार मिळाला. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नात ७० टक्के वाटा ऊसउत्पादकाचा मानला आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने त्या आधारे कायदा केला. हे स्वागतार्हच होते. मात्र ज्याच्या कोयत्याशिवाय चिपाडच निर्माण होत नाही, त्या ऊसतोड कामगाराला या सूत्रात स्थान नाही.

मुंबईत धोका दुहेरी आहे. फांद्या कंत्राटदाराच्या मालकीच्या झाल्या, तर जितकी छाटणी अधिक तितका नफा अधिक. मग १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा कागदावर राहील आणि कुऱ्हाडीचा हिशेब बाजार ठेवील. दुसरीकडे, झाडावर चढून जीव धोक्यात घालणारा कामगार रोजंदारीवरच राहील.

म्हणून आपल्या मागण्या आतापासूनच स्पष्ट हव्यात. छाटलेल्या फांद्या ही सार्वजनिक मालमत्ता मानावी. छाटणीचा मोबदला फांद्यांच्या वजनावर ठरवू नये किंवा फांद्यांच्या रूपाने देऊ नये. चिपा करण्याचे काम कामगारांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावे. तक्त्यांचा कारखाना दाट वस्तीबाहेर असावा आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सक्ती त्याच्यावर असावी. छाटणी कामगारांना कायम नोकरी द्यावी. ही मागणी भाबडी नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, हे आपल्या स्मरणात आहे.

विज्ञानाने सालीला मोल दिले आहे. त्या मोलाची वाटणी मात्र विज्ञान करीत नाही. ती संघटित माणसांनाच करावी लागते. निविदा निघाल्यावर जागे होण्यापेक्षा प्रत्येक वॉर्डातील कार्यकर्त्यांनी छाटणीचे कंत्राट आजच मागवून वाचावे. लढ्याची सुरुवात तेथूनच होईल.