मिस्त्रींची हजेरी

गेल्या आठवड्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुम्ही सुतारकाम शिकता म्हणे. फी किती पडते?" मी आकडा सांगितला. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "एवढे? आणि सुताराला?" त्याआधी बराच वेळ ते नातवाबद्दल बोलत होते. नातू लातूरला नीटच्या क्लासला आहे. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, सगळं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. त्या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. पोरानं जरूर डॉक्टर व्हावं. पण विद्येला पैसे मोजायची सवय असलेला माणूस लाकडापाशी आला की हात का आखडतो, याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की मी या जागेवरून वाडे, बारवा आणि पाडलेली माळवदं यांच्याविषयी सारखी लिहीत असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यातलं लाकूड हातानं समजून घ्यावंसं वाटलं. म्हणून तेरच्या वाटेवरच्या एका गावात, एका मिस्त्रींच्या शेडमध्ये शिकायला जाते. आपलं नाव पेपरात यायला नको, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे, म्हणून इथे ते फक्त मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढचं. आसपासच्या गावांतली कित्येक दारं त्यांच्या हातची आहेत, आणि त्यांतलं एकही उंबऱ्यावर घासत नाही, अशी त्यांची ख्याती.

फीचं पहिल्याच दिवशी निघालं तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमी माज्या नातीला शिकवलं. तुमच्याकून काय घ्यायचं?" मी म्हटलं, "मामा, तिला शिकवायचा मला पगार होता." यावर ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी ठरलं ते असं: मला शिकवण्यात त्यांचा जो दिवस जाईल, त्या दिवशी दार बसवायला गेले असते तर जी हजेरी मिळाली असती, ती मी द्यायची. लग्नातल्या गृहस्थांना जड वाटलेला आकडा तो हा. एका कसबी माणसाच्या एका दिवसाची मजुरी.

आता थोडी माहिती. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीला सुरू झाली. आपल्या मराठवाड्याच्या मुक्तिदिनाची तारीखही तीच. योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि यादीत सुतार पहिला आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. शिकायला आलेल्या माणसाची रोजी बुडते, हे इथे कुणीतरी ध्यानात घेतलं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. माझं म्हणणं एवढंच की शिकवणाऱ्याचीही बुडते. गावातल्या शेडमध्ये जो म्हातारा मिस्त्री स्वतःचं काम बाजूला सारून पोराला हाताशी घेतो, त्याच्या वहीत शिकवण्याचा रकानाच नाही.

मिस्त्री शिकवतात कसं, ते सांगते. सुरुवातीचे बरेच दिवस कामाचं लाकूड हाती नव्हतंच. होती फक्त पटाशी आणि ओला दगड. आधी पटाशीची पाठ दगडावर सपाट करायची, ती आरशासारखी झाली की मग उताराची बाजू. धार लागली की नाही हे ते अंगठ्यानं पाहत नाहीत. आंब्याच्या फळीचं टोक समोर धरतात, जिथे लाकडाचे तंतू तोंड वर करून उभे असतात, आणि म्हणतात, "हितनं काढा." तिथून पातळ पापुद्रा सुटला आणि मागं जागा गुळगुळीत राहिली तर धार आहे. तंतू चेंगरले तर पुन्हा दगडावर. कारणही ते लगेच सांगतात. बोथट पटाशीला जोर लागतो, जोर लावला की हात सुटतो, आणि हात सुटला की रक्त निघतं. हत्यार धारदार ठेवणं ही त्यांच्या लेखी बोटं वाचवायची पहिली पायरी.

मग रेघ. मिस्त्रींच्या कानावर पेन्सिल असते, पण ती हिशेबाला. जोडाची रेघ ते हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला टोक काढून बनवलेल्या आरीनं ओढतात. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. करवत तिच्या अलीकडून चालवायची की पलीकडून, हा प्रश्न उरतो. आरीची रेघ तंतूच कापते. पटाशी त्या खाचेत आपोआप जाऊन बसते. "चूक करवतीत नसती बाई, रेघंत असती," हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

लाकूड निवडताना ते फळी एका कोपऱ्यावर उभी करतात आणि बोटाच्या पेरानं वाजवून ऐकतात. ओलं लाकूड बद्द बोलतं, मुरलेलं खणखणतं. तेरच्या परिसरात हे पाहणाऱ्याला गोरोबाकाका आठवणारच. संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे सांगणारे गोरोबा. त्या कथेत आपण नामदेवांच्या रुसण्याकडेच जास्त पाहतो. मला त्यात कुंभाराचा अधिकार दिसतो. ज्यानं आयुष्यभर मडकी भाजली, पारख करायला त्यालाच बोलावलं. आज ही पारख कागद करतो. आयटीआयमध्ये शिकवायचं तर प्रमाणपत्र पाहिजे, आणि ते असावंही. पण ज्याच्या शेडमधून पंचक्रोशीतले निम्मे सुतार तयार झाले, त्याला शिकवणारा म्हणून कुठेच जागा नसावी, हे मला पटत नाही.

शेडच्या आढ्याला एक जुनं चाडं टांगलेलं आहे. खरं तर आज त्याचा विषय नव्हता, पण ते सोडून पुढे जाववत नाही. ज्यांनी तिफण पाहिली नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगते. चाडं म्हणजे लाकडी वाडगा. त्याच्या तळाला तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी तिफणीच्या एकेका फणाकडे जाते. पुढे बैल चालतात, मागून चालणारी बाई चाड्यावर मूठ धरते आणि बोटांच्या फटींतून ज्वारीचे दाणे सोडत जाते. दाणे तिन्ही नळ्यांत सारखे पडले पाहिजेत. एखादं भोक जरासं तिरपं गेलं किंवा त्याच्या काठाला कूस राहिली, तर एक तास विरळ पेरला जातो. पेरताना ते दिसत नाही. कोंब वर आले की साऱ्या गावाला रस्त्यावरून दिसतं. मिस्त्री म्हणतात, "आमची चूक रानात उगवती."

आपल्या भागातली ज्वारी किती पिढ्या अशा चाड्यांतून पेरली गेली. या वाडग्यामागे कुणा अभियंत्याचं नाव नाही, पण मुठीतून सुटलेली धार तीन सारख्या वाटांत कशी वाटायची, हा प्रश्न ज्यानं बाभळीच्या किंवा सागाच्या ठोकळ्यात सोडवला, त्याला मी अभियंताच म्हणेन. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं आणि चाडं आढ्याला गेलं. त्याबद्दल मी हळहळत नाही. दिवसभर बैलामागे चालणाऱ्या बाईचे पाय मी पाहिले आहेत. मला वेगळंच दिसलं.

ते असं. सुताराला वर्षभर शेतकऱ्याची आउतं, तिफणी, गाड्या नीट ठेवायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं, अशी ती व्यवस्था होती. तीत मुलाला शिकवण्याचे वेगळे पैसे कुणी देत नव्हतं, कारण मोबदला आत दडलेला होता. बाप मुलाला हात देई, आणि मुलाला बापाची बलुत्याची घरं मिळत. नांगर लोखंडाचा झाला, बैलगाडीला रबरी टायर आलं, बलुतं आटलं. मुलाला वारशात मिळावं असं काही उरलं नाही, तेव्हा शिकण्याचं कारणही उरलं नाही. मिस्त्रींची दोन्ही मुलं पुण्यात प्लायवूडची मॉड्युलर कपाटं बसवतात. उत्तम कमावतात. त्यांना चौकटीचा जोड येत नाही, कारण त्यांच्या कामात तो लागतच नाही. विद्या आटली ती पोरं आळशी निघाली म्हणून नव्हे. शिकवण्याची किंमत ज्या वाटेनं येत होती ती वाट बंद झाली, आणि दुसरी आपण काढलीच नाही.

त्या जुन्या वाटेचं गुणगान मी करणार नाही. तिच्यात सुताराचाच मुलगा सुतारकाम शिकायचा. मुलगी नाही, मातंगाचा मुलगा नाही, मराठ्याचा नाही, मुसलमानाचा क्वचित. विद्या जातीच्या उंबऱ्याआड होती. फी हाच तो उंबरा ओलांडायचा रस्ता आहे. मिस्त्रींच्या शेडमध्ये सध्या माझ्याबरोबर एक डी.एड. झालेली मुलगी आणि एका वायरमनचा मुलगा येतात. बलुत्याच्या जगात आम्हा तिघांपैकी कुणालाच तिथे शिकायला मिळालं नसतं.

जोड येऊन काय करायचं, असं विचारणाऱ्यांना मी उमरगा-लोहाऱ्याकडे पाहायला सांगते. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी होऊन लोक निजलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत गावंच्या गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावर मातीचं जड माळवद, यांनी घात केला. पण नंतर पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी हेही नोंदवलं की कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला, आणि त्याखालची माणसं वाचली. मिस्त्री तेव्हा ढिगाऱ्यातलं लाकूड उतरवायला तिकडे गेले होते. त्या दिवसांवर ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी मला फक्त एक जोड करून दाखवला. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला खाच, दोन्हीतून आरपार लाकडी खुंटी. "खिळा गंजतो, मग भोक मोठं हुतं. खुंटी लाकडाचीच हाय, लाकडासंगं फुगती, लाकडासंगं आटती." मग त्यांनी ती चौकट दोन्ही हातांनी हलवली. ती करकरली, वाकली, पण सुटली नाही.

हिवाळ्यात आम्ही तेरला गेलो. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून ज्याचा उल्लेख आहे, ते हे गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय बघायला लोक हस्तिदंती बाहुलीच्या ओढीनं येतात. आम्ही गेलो ते उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची जुनी कोरीव लाकडी चौकट पाहायला. इतकं जुनं लाकडी काम आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी टिकलं आहे. मी नक्षी पाहत होते. मिस्त्री नक्षीकडे शेवटी वळले. आधी त्यांनी कोपरे पाहिले, उभं लाकूड आडव्याला कुठे भेटतं ते. मग लाकडाच्या रेषा पाहिल्या. नक्षी काढणारा हात कुणाचाही असेल, पण लाकूड निवडणारा माणूस थोर होता, असं ते परतताना एसटीत म्हणाले. मी शाळेच्या सहली घेऊन त्या संग्रहालयात कितीदा गेले असेन. मुलांना दाखवायला एका सुताराला बरोबर नेलं पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं.

शिकलेल्या माणसानं सुताराकडून शिकावं का, असंही मला विचारतात. जॉर्ज नाकाशिमा अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेला वास्तुविशारद. पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीवर त्यानं काम केलं होतं. १९४२ मध्ये अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं तेव्हा तो आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत जाऊन पडला. तिथे त्याला गेंतारो हिकोगावा हा जपानी पद्धतीत तयार झालेला सुतार भेटला. भंगारातलं लाकूड आणि वाळवंटातली झुडपं हाताशी घेऊन नाकाशिमा त्याच्याकडे शिकला. पुढे तो विसाव्या शतकातला एक मोठा लाकूड-कारागीर म्हणून जगभर ओळखला गेला, आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन काम करून गेला. आपण कुणाकडे शिकलो हे त्यानं लपवलं नाही.

शाळेत कार्यानुभवाचा तास असतो. तो गणिताच्या जादा तासात जातो, हे मी इतकी वर्षं जवळून पाहिलं आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की महिन्यातून एक दिवस गावच्या मिस्त्रीला, लोहाराला, कुंभाराला वर्गात बोलवा. नारळ आणि शाल देऊन पाठवू नका. व्हाउचरवर त्या माणसाच्या दिवसाची पूर्ण हजेरी लिहा, समोर "अध्यापन" असं कारण लिहा आणि सही घ्या. सरकारी योजना आखणाऱ्यांनीही शिकणाऱ्याच्या ५०० रुपयांशेजारी शिकवणाऱ्याच्या रकमेचा एक रकाना वाढवावा.

आणि पालकांनो, दिवाळीची सुटी येते आहे. मुलाला किंवा मुलीला आठ दिवस एखाद्या शेडमध्ये पाठवा. जाताना आधी मिस्त्रींची हजेरी विचारा, आणि सांगतील ती द्या. तिथे घासाघीस करू नका.