संशयाचे दप्तर

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेचा दीड शतकाहून अधिक काळ चाललेला अंमल संपुष्टात आला. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. वसाहतवादी कायद्याचे जोखड उतरले, असे नव्या संहितेच्या समर्थकांनी म्हटले. जुनाच मजकूर नव्या क्रमांकांनी छापला गेला, असे टीकाकारांनी म्हटले. दोन्ही पक्षांनी कलमे मोजली. परंतु परकी राजवटीचा फौजदारी वारसा संहितेच्या पानांत जेवढा होता, त्याहून अधिक तो संहितेबाहेर, पोलीस ठाण्याच्या दप्तरात आणि जामिनाच्या रिवाजात मुरलेला होता. तो वारसा कोणता आणि तो खरोखर संपला काय, हा प्रश्न या मोजणीत बाजूलाच राहिला.

मेकॉलेच्या संहितेवर अन्याय करण्याचे कारण नाही. १८३४ साली नेमलेल्या पहिल्या विधी आयोगापुढे जो देश होता, त्यात एकाच गुन्ह्याला प्रांतोप्रांती निरनिराळी शिक्षा होती. बंगालमध्ये कंपनी सरकारने फेरफार केलेला मुस्लिम फौजदारी कायदा चालत होता, तर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ चे रेग्युलेशन लागू होते. १८३७ साली तयार झालेला मसुदा वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला आणि सत्तावनच्या उठावानंतर मंजूर झाला. त्याच्या मुळाशी एक मोठे तत्त्व होते. माणूस आपल्या कृतीसाठी जबाबदार असतो, जन्मासाठी नव्हे. आणि ब्राह्मण असो वा अस्पृश्य, एका गुन्ह्याला शिक्षा एकच. मनुस्मृतीच्या देशात हे तत्त्व क्रांतिकारकच होते.

मात्र ते घोषित करणाऱ्या राजवटीनेच ते पाळले नाही. गोऱ्या आरोपीचा खटला मुफसलातील हिंदी न्यायाधीशापुढे चालवू देणारे इल्बर्ट विधेयक १८८३ साली आले, तेव्हा युरोपियनांनी एवढे काहूर माजवले की सरकारला माघार घेऊन तडजोड करावी लागली. हा अपवाद वरच्यांसाठी होता. खालच्यांसाठी केलेला अपवाद कितीतरी अधिक भयंकर होता. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे एवढ्याच गोष्टीला जन्मठेपेची शिक्षा सांगितली. विशिष्ट खून वा दरोडा सिद्ध करण्याची गरज उरली नाही. हीच कल्पना पुढे टोळीवरून जमातीवर गेली आणि १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा जन्माला आला.

एखादी जमात, टोळी वा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करतो असे सरकारला वाटले की तसे जाहीर करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. त्या जाहीरनाम्याच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, अशी तरतूद त्यातच होती. मग जमातीतील प्रत्येकाचे नाव नोंदवहीत चढे. ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, आणि नेमून दिलेली हद्द ओलांडायची तर परवाना लागे. मूल जन्माला येण्यापूर्वीच त्याच्या नावाचे पान दप्तरात तयार असे. व्यक्तीच्या कृतीला शिक्षा देणारी संहिता अमलात येऊन अवघी नऊ वर्षे झाली होती.

असा कायदा का झाला, याचे उत्तर गुन्ह्यांच्या आकड्यांपेक्षा अर्थव्यवहारात अधिक सापडते. जमीनमहसुलावर उभ्या असलेल्या राज्याला स्थिर, मोजता येणारी, शेतसारा भरणारी रयत हवी होती. बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ वाहणारे बंजारे, टोपल्या विणत गावोगाव फिरणारे कैकाडी, शिकारीवर जगणारे पारधी या हिशेबात बसत नव्हते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि लोहमार्ग देशभर पसरत गेले, तसा तांड्यांचा वाहतुकीचा धंदा बुडाला. १८७८ च्या वन कायद्याने रानातली शिकार, लाकूडफाटा आणि चराई यांवर बंधने आली. ज्यांचा पोटापाण्याचा मार्ग राज्याच्या धोरणाने बंद केला, त्यांच्याच भटकंतीला त्याच राज्याने गुन्ह्याची पूर्वतयारी ठरवले. त्यांच्यापैकी काही जण चोऱ्या करीत, हे खरे आहे. परंतु काहींच्या चोरीवरून सर्वांच्या रक्ताबद्दल निष्कर्ष काढणे हा न्याय नव्हे.

१९११ च्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यावरही पसरले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींची वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या शहराच्या बोलीत तेव्हापासून रुळला. तिथल्या स्त्री-पुरुषांना कापडगिरण्यांत कामाला पाठवले जाई. श्रमाने माणूस सुधारतो, हा त्यामागचा घोषित हेतू होता, आणि वसाहतीतील शाळांमुळे काहींना अक्षरओळख झाली हेही नाकारता येणार नाही. तथापि, काम सोडून जाण्याची मुभा नसलेला मजूर हा गिरणीमालकाच्या दृष्टीने आदर्श मजूर असतो. सुधारणेचा हेतू आणि स्वस्त श्रमाचा लाभ एकाच कुंपणात नांदत होते.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याने तो १९५९ साली केला. या कायद्यांत जमातीचे नाव नव्हते, नोंदणी आणि हालचालींवरील निर्बंध मात्र होते. साहजिकच जुन्या वहीतली नावे नव्या वहीत उतरली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला कळले की विमुक्ती सरकारी राजपत्रात झाली होती. पोलीस चौकीत ती पोहोचलीच नव्हती. २००० साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करावेत असे सुचवले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमावलींतील तरतुदींवर कठोर आघात केला. याचा अर्थ, कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यावरही त्याची भाषा सरकारी नियमावलीत जिवंत होती.

संशयाच्या या दप्तराला जोड मिळते ती जामिनाची. जामीन म्हणजे आरोपी पळून जाणार नाही याची हमी. ती हमी पैशात आणि मालमत्तेत मोजली की स्वातंत्र्याला बाजारभाव येतो. १९७८ साली मोतीराम या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्याकडून १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने ती हमीही नाकारली गेली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वृत्तीवर कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची दैना उजेडात आली; आरोपाबद्दल होऊ शकणाऱ्या शिक्षेपेक्षाही अधिक काळ काही जण डांबलेले होते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांतील तिघांचा दोष सिद्ध व्हायचा होता. हे सर्वच केवळ पैशाअभावी अडकले होते असे नाही. पण ज्याला सातबारा नाही, पक्के घर नाही, कायमचा पत्ता नाही आणि ओळखीचा पगारदार जामीनदार नाही, त्याच्यासाठी ‘जामीनपात्र’ गुन्हाही व्यवहारात अजामीनपात्र ठरतो.

या पार्श्वभूमीवर नव्या संहितांची परीक्षा व्हायला हवी. ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी, पहिलाच दोषसिद्ध गुन्हा आणि माल परत केलेला, असे असेल तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूदही, गंभीरतम गुन्हे वगळता, उदार आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की आरोपीवर एकाहून अधिक गुन्ह्यांचे वा खटल्यांचे काम प्रलंबित असेल तर हा लाभ नाही. गावात चोरी झाली की ज्याला प्रथम उचलले जाते, त्याच्यावर एकच खटला असण्याचा संभव किती? शिवाय किरकोळ संघटित गुन्हा अशी नवी वर्गवारी करून खिसेकापू व साखळीचोरांच्या ‘टोळी’ला एक ते सात वर्षांची शिक्षा ठेवली आहे. टोळी हा शब्द या देशाच्या कायद्यात नवा नाही, आणि त्याचा इतिहास निरागस नाही.

पूर्वेतिहासाच्या नोंदींशिवाय तपास कसा करावा, असा पोलिसांचा आक्षेप असतो. तो अगदीच निराधार नाही. वारंवार दोषी ठरलेल्या व्यक्तीची नोंद ठेवणे कोणत्याही राज्याला आवश्यक आहे. मात्र ती नोंद न्यायालयाच्या निकालावर आधारलेली असावी, तिची मुदत ठरलेली असावी आणि ज्याचे नाव तिच्यात आहे त्याला ती तपासून पाहता यावी. सराईत गुन्हेगारांचे कायदे जिथे जिथे उरले असतील, तिथे विधिमंडळांनी ते रद्द करावेत. जामिनाची रक्कम गुन्ह्याच्या नावावरून न ठरता आरोपीच्या कमाईवरून ठरावी. भूमिहीनाला वैयक्तिक हमीवर सोडणे हा नियम व्हावा. यांपैकी कशालाही नवी संहिता लागत नाही. बरेचसे तर न्यायालयांनी अनेकदा सांगून झाले आहे.

परकी सरकारने केलेला कायदा स्वकीय सरकारने बदलला, तर त्याचे श्रेय त्याला अवश्य द्यावे. पण रात्री गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या कुटुंबाला संहितेचे नाव ठाऊक नसते. दार नसलेल्या त्या घराशी पोलीस येतात ते चौकशीसाठी की धरपकडीसाठी, एवढेच त्याला ठाऊक असते. कायद्याची सुधारणा झाली की नाही, याचा निवाडा त्या पालापाशीच व्हायचा आहे.