शेजाऱ्याचा पदार्थ, घरची चूल

नावात पुडिंग असले तरी हा पदार्थ गोड नाही. मैदा, अंडी, दूध आणि चिमूटभर मीठ एवढ्या सामानात होणारे यॉर्कशायर पुडिंग म्हणजे कडेने टम्म फुगलेली, मध्ये खोलगट राहिलेली, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ अशी एक वाटीच. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरमध्ये रविवारच्या दुपारी भाजलेले मांस, बटाटे आणि भाज्यांसोबत ती ताटात येते. रस्सा त्या खोलगट भागात ओतायचा आणि मोडून खायची.

पदार्थ काटकसरीतून आलेला. पूर्वी मांस सळईला लावून विस्तवासमोर फिरवत भाजत. खाली ठेवलेल्या पसरट भांड्यात चरबी ठिबकायची. ती वाया का घालवा, म्हणून त्याच भांड्यात पातळ पीठ ओतून भाजू लागले. १७३७ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात 'ठिबकत्या चरबीचे पुडिंग' अशा नावाने ही कृती आहे. १७४७ साली हॅना ग्लास या लेखिकेने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात तिला यॉर्कशायरचे नाव दिले. जुनी रीत अशी, की मांस वाढण्याआधी पुडिंग आणि रस्सा वाढायचा. पहिली भूक त्यावर भागली की थोडे मांस सगळ्यांना पुरते. पाहुणे वाढले की रश्शात पाणी वाढवणाऱ्या मराठी घराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

याच यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत गिरण्यांत काम करायला मिरपूर भागातून हजारो माणसे तिथे गेली. मंगला धरणाखाली गावे गेल्यावर हा ओघ आणखी वाढला. जवळच्या ड्यूजबरी आणि बॅटली या गावांत सुरत-भरूचकडचे गुजराती मुस्लिम स्थायिक झाले. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्रॅडफर्ड परिसरात दर दहांपैकी तीन माणसे मुस्लिम आहेत. गिरण्या बहुतेक बंद पडल्या, माणसे राहिली. त्यांची नातवंडे यॉर्कशायरच्या हेलात इंग्रजी बोलतात.

या नातवंडांच्या घरी यॉर्कशायर पुडिंग होते. बाहेरच्यांना त्याचे नवल वाटते, तिथे ते रोजचे आहे. पण ते सहज घडलेले नाही. पुडिंगची रूढ चरबी बीफची. जनावर हलाल पद्धतीने कापलेले नसेल तर तिचे पुडिंग मुस्लिम घरात चालत नाही. शाळेच्या जेवणातही हाच प्रश्न होता. १९८३ मध्ये ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेने शाळांत हलाल मांस देण्याचे ठरवले, तेव्हा शहरात मोठा वाद झाला. पुढच्या वर्षी पालिकेत मतदान होऊन तो निर्णय कायम राहिला. म्हणजे मुलांच्या ताटात काय असावे, यावर त्या शहराला आधी भांडावे लागले.

घरात मात्र भांडण नव्हते, फक्त अडचण होती आणि ती बायकांनी सोडवली. चरबीच्या जागी सूर्यफुलाचे तेल घेतले. बाजूला आले-लसूण-मिरची चोळून भाजलेली हलाल कोंबडी ठेवली आणि तिच्याच रसाचा रस्सा केला. रमजानमध्ये काही घरांत समोसे आणि भज्यांच्या शेजारी इफ्तारलाही हे पुडिंग असते.

यावर आक्षेप येतो, की चरबी नसेल तर ते खरे यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. चव थोडी बदलते, हे मान्य. पण पुडिंग फुगते कशाने? त्यात सोडा नसतो, बेकिंग पावडर नसते. कडक तापलेल्या तेलात पातळ पीठ पडले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाला वर ढकलते. मैद्याची चिवट जाळी ताणली जाते, अंडी घट्ट होऊन तो आकार धरून ठेवतात. पुरी फुगते ती वाफेनेच, तसेच हे. चरबीचे मुख्य काम कडक तापणे, कड कुरकुरीत करणे आणि पीठ भांड्याला चिकटू न देणे. ते काम तेलही करते.

कृतीही लहान आहे. मध्यम वाटीभर अंडी फोडून घ्यायची, साधारण तीन लागतात. त्याच वाटीने एक वाटी मैदा आणि एक वाटी दूध. मीठ घालून गुठळी राहणार नाही असे फेटायचे आणि किमान अर्धा तास झाकून ठेवायचे. कपकेकच्या ट्रेच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल घालून ट्रे २२० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवायचा. तेलातून धूर निघू लागला की झटपट पीठ ओतायचे, खळगा निम्मा भरेल इतकेच. ओतताना चर्र आवाज आला नाही तर तेल पुरेसे तापलेले नाही. मग वीस-पंचवीस मिनिटे ओव्हनचे दार उघडायचे नाही. डोकावण्याचा मोह झाला आणि अर्ध्यात दार उघडले, की थंड हवेने पुडिंग खाली बसते. २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने चार इंचांपेक्षा बुटके पुडिंग यॉर्कशायर पुडिंगच नव्हे, असे जाहीर केले होते. ही उंची तेलातही गाठता येते.

चरबी कोणती, यावरून पदार्थाचे खरेखोटेपण ठरवणाऱ्यांनी त्याचा उगम आठवावा. घरात जे स्निग्ध आहे ते वाया न घालवता वापरायचे, असा हा पदार्थ. ब्रॅडफर्डची आई घरातल्या तेलात पुडिंग करते, तेव्हा ती जुनी रीत मोडत नाही, पुढे चालवते.

एप्रिल २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी एका भाषणात चिकन टिक्का मसाला हा आता ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे म्हटले. त्या भाषणाचे कौतुक झाले, अजूनही होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलैमध्ये, ब्रॅडफर्डमध्ये मोठी दंगल झाली. शहरभर करी हाउस होती, सगळ्या धर्मांची माणसे तिथे जेवत होती, तरीही झाली. बेरोजगारी, वस्त्यांचे विभागलेपण, भडकवणारे राजकारण अशी तिची कारणे होती आणि कोणताही पदार्थ त्यांवर औषध नाही. पण एक गोष्ट तेव्हा दिसली. दुसऱ्याचे जेवण आवडणे आणि दुसरा माणूस माहीत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हॉटेलात पैसे मोजून खाणाऱ्याला स्वयंपाकघरात कोण आहे, हे जाणून घ्यावे लागत नाही.

पदार्थ घरी करायचा तर विचारावे लागते. पीठ किती पातळ, तेल किती तापवायचे, पहिल्या वेळी का फसले. ज्याला विचारले, तोही विचारतो: तुमच्याकडे हे चालते का, मग त्याऐवजी काय घालाल? या दुसऱ्या प्रश्नात माणसाची ओळख होते. हलालचा नियम सोडून ब्रॅडफर्डच्या आईने पुडिंग केले नाही. नियम पाळून केले आणि बाकीचे सगळे जसेच्या तसे घेतले. आपले पथ्य सोडल्याशिवाय दुसऱ्याशी जवळीक होत नाही, असे म्हणणाऱ्यांना आणि पथ्य आहे म्हणून जवळीक नकोच, असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे उत्तर आहे.

महाराष्ट्राच्या गावांत रमजान आला की इफ्तारच्या मेजवान्यांचे फोटो येतात. ईदला शीरखुर्म्याचा डबा शेजारी जातो, दिवाळीत फराळाचे ताट परत येते. हे चांगलेच आहे आणि चालू राहावे. पण डबा परत करताना 'फार छान झाला होता' एवढ्यावर बोलणे थांबते. ज्या घरांत शेजारणीकडून शिकून शीरखुर्मा होतो, किंवा ज्या मुस्लिम घरांत होळीला पुरण वाटले जाते, तिथे बोलणे पुढे गेलेले असते. खजूर किती वेळ भिजवायची, पुरण सैल झाले तर काय करायचे, हे विचारायला कोणी तरी कोणाच्या तरी ओट्यापाशी उभे राहिलेले असते.

यंदा ईदच्या डब्याबरोबर कृतीही मागावी. पहिल्या वेळी फसेल. तेव्हा पुन्हा त्याच दारी जाऊन विचारावे, की कुठे चुकले.