समुद्रावरची तार

पूर्वी मे महिन्याची सुट्टी नानीच्या गावी आणि नातेवाइकांच्या लग्नांत सरायची. आता आपल्या घरांतली मुलंही झिपलाइन, राफ्टिंग, पॅराग्लायडिंग अशी नावं घेतात आणि मोठी माणसं एकमेकांकडे पाहतात. परवानगी द्यायची की नाही, हे कशावरून ठरवायचं? आमच्यासमोर हा प्रश्न मलेशियातल्या सबाह राज्यात उभा राहिला, म्हणून तिथली हकीकत सांगतो.

आमचे थोरले भाईजान क्वालालंपूरला नोकरीला आहेत. त्यांच्या कुटुंबासोबत आम्ही विमानाने अडीच तासांवरच्या कोटा किनाबालू शहरी गेलो. शहरासमोर समुद्रात गाया, सापी, मानुकान, मामुतिक आणि सुलुग ही पाच बेटं आहेत. १९७४ पासून हा परिसर संरक्षित सागरी उद्यान आहे आणि त्याला देशाचे पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांचं नाव दिलेलं आहे. जेसलटन पॉइंटच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटांत तिथे पोहोचता येतं.

नावांची एक गंमत आहे. गाया हे सर्वांत मोठं बेट. तिथल्या बजाऊ लोकांच्या बोलीत ‘गायो’ म्हणजे मोठा. शेजारच्या चिमुकल्या सापीचा अर्थ मात्र गुरं. म्हणजे गाय आहे ती सापीच्या नावात! या दोन बेटांमध्ये सुमारे २५० मीटर लांबीची पोलादी तार ताणलेली आहे. गायावरच्या उंच मचाणावरून सुटायचं, खाली हिरवंनिळं पाणी, आणि सापीच्या किनाऱ्यावर उतरायचं.

मचाणाशी पोहोचलो आणि घरात दोन मतं झाली. नववीतली लेक जायला उत्सुक. भाभी म्हणाल्या, “मुलीची जात. सगळ्यांसमोर असं लटकत जायचं काही शोभतं का?” सातवीतला धाकटा कठड्याला घट्ट धरून उभा. त्याला भाईजान म्हणाले, “मर्द आहेस ना? मग चल, बांध पट्टे.” एकीला मुलगी म्हणून अडवलं जात होतं, दुसऱ्याला मुलगा म्हणून ढकललं जात होतं. दोघांना काय वाटतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, “आधी तिथल्या माणसाला चार गोष्टी विचारा, मग आपापलं ठरवा.” वजनाची मर्यादा किती? एक कडी सुटली तर दुसरी आधाराला आहे का? पलीकडे थांबवणार कसं? आणि वारा वाढला तर काय करता? मुलांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्या माणसाने न कंटाळता सगळं दाखवलं.

यातलं शास्त्र शाळेतलंच आहे. सुटायची जागा उंच, उतरायची जागा खाली. उंचीमुळे अंगात असलेली स्थितिज ऊर्जा उताराबरोबर गतिज होते आणि तारेवरची कप्पी पळू लागते. वजन फार कमी असेल, तर वाऱ्यापुढे माणूस मध्येच थांबू शकतो. फार जास्त असेल, तर वेग वाढतो आणि थांबवणं अवघड होतं. म्हणून आधी वजन पाहतात. तारेला मुलगा की मुलगी हे कळत नाही, वजन कळतं.

लेकीने सैल पायजमा आणि लांब कुर्ता घातला होता. हिजाबची टोकं आत खोचली, पिना काढल्या, वरून हेल्मेट घातलं. सैल ओढणी किंवा मोकळे केस कप्पीत अडकू शकतात, म्हणून ही काळजी प्रत्येकीने घ्यावी. कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे तिने स्वतःच आवळले. कर्मचाऱ्याने फक्त कड्या ओढून पाहिल्या. बिस्मिल्लाह म्हणून ती सुटली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पलीकडे पोहोचली. आमच्यापैकी एक जण आधीच होडीने तिकडे जाऊन उभा होता.

धाकट्याने सगळी उत्तरं ऐकली आणि म्हणाला, “मला नाही जायचं.” भाईजानांनी तोंड उघडायच्या आत आम्ही “ठीक आहे” म्हटलं आणि त्याला घेऊन होडीत बसलो. दुपारी त्यानेच लाइफ जॅकेट घालून, डोळ्यांना मास्क लावून सापीच्या उथळ पाण्यात मासे पाहिले. बहिणीला हाका मारमारून दाखवले. त्याला ‘भित्रा’ म्हणायची कुणालाच आठवण राहिली नाही.

वर्गात आम्ही हेच रोज पाहतो. मित्रांच्या टोमण्यापुढे ‘नाही’ म्हणता न आल्याने कितीतरी मुलगे नको त्या गोष्टीत ओढले जातात. आणि कितीतरी मुली ‘हो’ म्हणायची संधी न मिळाल्याने आपली ताकद ओळखतच नाहीत. घरात दोन्ही शब्दांना जागा हवी.

तेव्हा वाचकहो, येत्या सुट्टीत मूल असं काही मागेल, तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणू नका. त्याच्यासोबत जा, साधनं पाहा, प्रश्न त्यालाच विचारू द्या. उत्तरं टाळली जात असतील, वजन न पाहता किंवा हेल्मेटशिवाय पाठवत असतील, तर सर्वांनीच परत फिरा. उत्तरं नीट मिळाली, तर निर्णय मुलावर सोपवा, मग तो मुलगा असो की मुलगी.