सिगारेटच्या पाकिटांतील खेळाडू

कांहीं वर्षांपूर्वीं भर तासाला बाकाखालीं चित्रांची देवघेव करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हातून आम्हीं क्रिकेटपटूंचीं चाळीसएक कार्डें काढून घेतलीं आणि रागाच्या भरांत केराच्या टोपलींत टाकलीं. शिपायानें संध्याकाळीं तीं इतर केराबरोबर जाळून टाकलीं. दुसरे दिवशीं मुलाची आई भेटावयास आली. तिनें तक्रार केली नाहीं. एवढेंच सांगितलें कीं, प्रत्येक कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूस त्यानें त्या खेळाडूचें जन्मगांव व त्याचा पहिला सामना कोठें झाला हें बारीक अक्षरांत लिहून ठेविलें होतें. आम्हीं ती बाजू पाहिलीच नव्हती.

तेव्हांपासून या छंदाविषयीं आमचें मत पूर्वींइतकें ठाम राहिलेलें नाहीं. त्यांतच अमेरिकेंतील बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा वृत्तान्त आमच्या वाचनांत आला. तो पालकांसही ऐकण्यासारखा आहे.

बेसबॉल हा आपल्या चेंडूफळीच्या जातीचाच, चेंडू व दांडू यांचा खेळ. १८८० नंतरच्या दशकांत तो त्या देशांत अतिशय लोकप्रिय झाला होता. त्याच सुमारास सिगारेटी कागदाच्या नरम पाकिटांत विकूं लागले. त्या चुरगळूं नयेत म्हणून आंत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. आणि पुठ्ठा घालावयाचाच तर त्यावर चित्र कां नसावें, असें व्यापाऱ्यांच्या मनांत आलें. न्यूयॉर्क येथील गुडविन आणि कंपनीनें १८८६ ते १८९० या काळांत आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर पांचशेंहून अधिक खेळाडूंचीं छायाचित्रें दिलीं. एकेक चित्र सुमारें दीड इंच रुंद व अडीच इंच उंच. पुठ्ठ्यावर चिकटविलेला खराखुरा फोटो. त्या वेळच्या कॅमेऱ्यास धांवता चेंडू टिपतां येत नसे. म्हणून चेंडू दोऱ्यानें टांगून ठेवीत आणि खेळाडू तो झेलण्याचा आविर्भाव करून निश्चल उभा राही. कित्येक चित्रांत तो दोरा स्पष्ट दिसतो! रिचमंड येथील अ‍ॅलन आणि गिंटर कंपनीनें पन्नास जगज्जेत्यांची रंगीत माला काढली. तींत दहा बेसबॉलपटू होते, व त्यांच्या पंक्तीस मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नावाडी आणि अ‍ॅनी ओकली ही अचूक नेमबाज स्त्रीही होती.

हीं चित्रें म्हणजे देणगी नव्हे, आमिष होतें. १८९० सालीं या दोन कंपन्या व त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपन्या मिळून ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ झाली. स्पर्धा उरली नाहीं, आणि थोड्याच काळांत चित्रेंही बंद पडलीं. मालाबरोबर फुकट येणाऱ्या वस्तूकडे आमच्या मुलांनीं नेहमीं या दृष्टीनें पाहावें.

आतां हीं कार्डें दुर्मिळ कां झालीं? मोलाचीं होतीं म्हणून नव्हे, तर कोणास त्यांचें मोल वाटलें नाहीं म्हणून. खिशांत मळलीं, पावसांत भिजलीं, आयांनीं झाडून काढलीं आणि (हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो) शिक्षकांनीं केरांत टाकलीं. दुर्मिळपणाचा न्यायही मोठा विचित्र आहे. शिकागोचा संघनायक अ‍ॅन्सन याचें ‘ओल्ड जज’मधील नेहमींच्या पोशाखांतील चित्र शोधणाऱ्यास मिळूं शकतें, खेळाच्या गणवेषांतील मात्र क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतें. माणूस तोच, कंपनी तीच. केवळ वस्त्रें बदललीं म्हणून किंमत आभाळास भिडते. पुढील शतकांतील, १९०९च्या सुमाराचें होनस वॅग्नर याचें एक कार्ड २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकलें गेलें. त्याच खेळाडूच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कार्डाच्या कडा नव्या दिसाव्यात म्हणून आपण कापल्या होत्या, अशी कबुली एका व्यापाऱ्यानें २०१३ सालीं दिली. छंद जेथें बाजारांत उतरतो तेथें कात्री हातीं येण्यास वेळ लागत नाहीं.

पण आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती चित्रांत न दिसणारी गोष्ट. हाच अ‍ॅन्सन १८८३ सालीं टोलीडो येथें मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णी खेळाडू मैदानावर उतरणार म्हणून खेळावयास तयार होईना. तिकिटांच्या उत्पन्नांतील वाटा बुडेल असें दिसतांच मग तयार झाला. पुढें गोऱ्यांनीं त्या लोकांस मोठ्या संघांबाहेर ठेविलें, तें थेट १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. आपल्याकडे पाळवणकर बाळू यांच्यासारख्या गोलंदाजास पुण्याच्या मैदानावर चहा निराळ्या भांड्यांत मिळे. तेव्हां आपणही फार मोठ्यानें बोलण्याचें कारण नाहीं. ज्याच्यापाशीं अ‍ॅन्सनचें कार्ड आहे पण वॉकरचें नांव ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यापाशीं पुठ्ठा आहे, एवढेंच आम्ही म्हणूं.

याच छंदांत जेफरसन बर्डिक नांवाचा एक गृहस्थ होऊन गेला. सिरॅक्यूज गांवीं एका विजेच्या सामानाच्या कारखान्यांत तो नोकरीस होता. बेसबॉलचा तो विशेष शोकी नव्हता. त्याला छापील कार्डांचेंच वेड. सांधेदुखीनें बोटें आंखडलेलीं, मिळकत बेताची, पण त्यानें तीन लक्षांहून अधिक कागदी चित्रें जमविलीं. १९३९ सालीं त्यांची सूची छापली. एकोणिसाव्या शतकांतील तंबाखूच्या कार्डांस त्यानें दिलेलें ‘एन’ हें अक्षर जगभरचे संग्राहक आजही वापरतात. १९४७ पासून त्यानें सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमला देण्यास आरंभ केला, व पुढें तेथें बसून तो तीं कार्डें स्वतःच्या हातांनीं वह्यांत चिकटवूं लागला. जानेवारी १९६३ मध्यें तें काम पुरें झालें. मार्चमध्यें तो वारला.

पालकांनीं मुलांच्या या नादास भिऊं नये, असें आमचें आतां मत आहे. मात्र चित्रासाठीं खाऊचीं दहा पाकिटें विकत घेऊन देऊं नयेत, आणि मुलगा ‘याची किंमत किती येईल?’ असें विचारूं लागला तर ‘हा कोण होता?’ असें त्यालाच उलट विचारावें. उत्तर आलें तर संग्रह चालूं द्यावा. नाहीं आलें तर दोघांनीं मिळून शोधावें. आमच्या अनुभवानें वडिलांनाही तें फारसें येत नसतें.

शाळेच्या ग्रंथालयांतील खिडकीजवळच्या कपाटाचा खालचा खण आम्हीं यंदा मोकळा करून घेतला आहे. ज्यांच्यापाशीं कार्डें, तिकिटें अथवा काडेपेट्यांचे छाप असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर तेथें आणावींत. डिंक लावूं नये. मागें कांहीं लिहावयाचें असल्यास पेन्सिलीनें लिहावें. तें आम्ही आधीं वाचूं.